जरि-तरि विचार

प्राचीन पोथी वाचावयास नुकताच बसलेला विद्यार्थी पहिल्या काही दिवसांत एका लहानशा शब्दापाशी हमखास फसतो. आजच्या मराठीत 'जरी पाऊस आला तरी तो निघाला' असे म्हटले म्हणजे पाऊस आलेला असतो, आणि त्यास न जुमानता माणूस निघालेला असतो. पोथीतील 'जरि-तरि'चा अर्थ तसा नव्हे. तेथे 'जरि' म्हणजे 'जर' आणि 'तरि' म्हणजे 'तर'. आजच्या 'जरी-तरी'चा आशय जेथे सांगावयाचा असेल तेथे जुनी मराठी बहुधा 'जऱ्ही-तऱ्ही' वापरते. हा भेद ठाऊक नसलेला वाचक अट सांगणाऱ्या वाक्यास घडलेल्या गोष्टीचे वाक्य समजतो आणि सबंध वचनाचा रोख चुकतो.

ही चूक शब्दापुरती आहे. शिकविणाऱ्याने एकदा कान धरला की ती पुन्हा होत नाही. परंतु याच 'जरि-तरि'भोवती दुसरी एक चूक घोटाळत असते. सूत्रपाठ मुखोद्गत असलेल्यांकडूनही ती घडते, आणि वर्षानुवर्षे कोणी दाखवून दिली नाही तर ती निरूपणाचा भाग होऊन बसते. ती चूक अशी की, अटीच्या वाक्याने जे सांगितलेलेच नाही ते त्यातून काढावयाचे आणि शास्त्राच्या नावावर खपवावयाचे. तर्कशास्त्रात हा विषय सोपाधिक अनुमान या नावाने येतो. तो बहुतेक संस्कृत ग्रंथांच्या द्वारे शिकविला जात असल्याने वासनिकांपर्यंत पोहोचत नाही. केशिराजबासांनी संस्कृतात लिहू नये, म्हाताऱ्या बायाबापड्या ज्ञानास अंतरतील, असे नागदेवाचार्यांनी त्यांस बजावल्याची आठवण स्मृतिस्थळात आहे. तोच न्याय तर्कासही लागू आहे. माजघरात निवड करीत बसलेल्या बाईस जो तर्क सांगता येत नाही, तो सांगणारासच कळलेला नाही असे समजण्यास हरकत नाही.

अटीच्या वाक्यास दोन अंगे असतात. 'जर'पुढचे ते पूर्वांग, 'तर'पुढचे ते उत्तरांग. 'गाय आजारी असेल तर ती चारा खात नाही' हे वाक्य घ्यावे. गाय आजारी आहे असे हे वाक्य सांगत नाही, आणि ती चारा खात नाही असेही सांगत नाही. दोहोंमधील बांधणी तेवढी सांगते. आता या वाक्यास हाताशी धरून गोठ्यात गेलेला माणूस चार प्रकारे बोलू शकतो. गाय आजारी आहे, म्हणून ती चारा खाणार नाही, हे बोलणे बरोबर. गाय चारा खात आहे, म्हणून ती आजारी नाही, हेही बरोबर. गाय चारा खात नाही, म्हणून ती आजारी आहे, हे तिसरे बोलणे मात्र टिकत नाही. वैरण भिजून कुबट झाली असेल, वासरू गेले असेल, बाजारातून कालच आणलेल्या गाईस दावण परकी वाटत असेल. आणि गाय आजारी नाही, म्हणून ती चारा खाईल, हे चौथेही टिकत नाही. पोट भरलेली निरोगी गाय चाऱ्याकडे ढुंकूनही पाहात नाही.

पूर्वांगाचा स्वीकार आणि उत्तरांगाचा निषेध या दोन वाटा निर्दोष, उत्तरांगाचा स्वीकार आणि पूर्वांगाचा निषेध या दोन सदोष. यवन देशात ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात ख्रिसिप्पस नावाच्या स्टोइक पंडिताने पहिल्या दोन वाटांना स्वतः सिद्ध, सिद्धीची अपेक्षा नसलेल्या अनुमानांत गणले. त्या मंडळींचे नेहमीचे उदाहरण दिवस आणि प्रकाश यांचे असे. भरतखंडात हाच विचार धूर आणि अग्नी यांच्या आधाराने झाला. जेथे धूर तेथे अग्नी, ही अन्वयव्याप्ती. जेथे अग्नी नाही तेथे धूर नाही, उदाहरणार्थ सरोवरात, ही व्यतिरेकव्याप्ती. येथे पुष्कळ विद्यार्थ्यांच्या ध्यानात न येणारी गोष्ट अशी की, व्यतिरेक मांडताना क्रम उलटतो. अन्वयात धूर आधी आणि अग्नी मागून, व्यतिरेकात अग्नीचा अभाव आधी आणि धुराचा अभाव मागून. कुमारिल भट्टांनी श्लोकवार्तिकात हा नियमच घालून दिला आहे की, दोन भावांमध्ये जो व्याप्य असतो त्याचा अभाव व्यापक होतो आणि जो व्यापक असतो त्याचा अभाव व्याप्य होतो. क्रम न उलटता 'जेथे धूर नाही तेथे अग्नी नाही' असे जो म्हणतो, त्यास लोहाराच्या शाळेत नेऊन भट्टीतून काढलेला लाल लोखंडाचा गोळा दाखवावा. तेथे धूर नाही. हात लावला की अग्नी आहे की नाही हे त्यास कळेल. अग्नीपासून धूर व्हावयास ओल्या सरपणाचा संयोग लागतो. त्यास नैयायिक उपाधी म्हणतात.

एवढे नियम पाठ होण्यास अर्धा दिवस पुरतो. ते पाठ असूनही मनुष्य चुकतो याचे कारण तर्कात नसून भाषेत आहे, आणि लहानशा 'चि'कारात ते सापडते.

'काम केलेस तर मजुरी मिळेल' असे शेतमालक बोलला म्हणजे ऐकणारा त्यात आपल्या मनाने भर घालतो की, न केल्यास मिळणार नाही. व्यवहारात ही भर बहुधा योग्यच असते, कारण बोलणाराचाही हेतू तोच असतो. मालक 'तर' म्हणतो, पण त्याच्या मनात 'तरच' असते. या सवयीने कान इतका मुरतो की, शास्त्रवाक्य ऐकतानाही न उच्चारलेला 'च' ऐकू येऊ लागतो. व्यवहारात बोलणारा समोर असतो, त्यास विचारता येते. शास्त्रात तसे नाही. तेथे जो 'चि' वचनात आहे तो गाळू नये आणि जो नाही तो घालू नये.

'तर' आणि 'तरच' यांत केवळ जोराचा भेद आहे, असा समज सार्वत्रिक आहे. तो खोटा आहे. हे दोन शब्द परस्परांच्या उलट दिशांना तोंड करून उभे आहेत. 'पेरले तरच पीक येते' या वाक्यावरून, पेरले नाही म्हणून पीक येणार नाही, हे निघते. 'तर'च्या वाक्यात जे सदोष होते ते येथे निर्दोष झाले. परंतु पेरले म्हणून पीक येईल, हे या वाक्यावरून निघत नाही. पाऊस दडी मारतो, टोळ येतात, बी खोटे निघते. 'तर'च्या वाक्यात जे निर्दोष होते ते येथे सदोष झाले. शेतकऱ्यास हे शिकवावे लागत नाही. निरूपणास बसलेल्यास मात्र शिकवावे लागते.

अवधारणाचा, म्हणजे 'एव'चा किंवा 'च'चा, हा विचार शास्त्रकारांनी फार बारकाईने केला आहे. 'शंख पांढराच' येथे 'च' गुणास लागला, म्हणून शंखाशी पांढरेपणाचा असंबंध तेवढा निवारला गेला. शंखाखेरीज काही पांढरे नाही, असे ते वाक्य म्हणत नाही. 'पार्थच धनुर्धर' येथे 'च' व्यक्तीस लागला, म्हणून तसे धनुर्धरत्व इतरांच्या ठिकाणी निवारले गेले. 'नीळे कमळ असतेच' येथे 'च' क्रियेस लागला, म्हणून केवळ अत्यंत अभावाचे निवारण झाले. सगळी कमळे नीळी ठरली नाहीत. 'च' कोठे बसला आहे हे पाहिल्यावाचून वाक्याचा अर्थ ठरत नाही.

जेथे दोन्ही दिशा एकत्र बांधलेल्या असतात ते स्थान लक्षणाचे. गाईचे लक्षण सास्ना, म्हणजे गळ्याची पोळी, असे सांगितले म्हणजे गाय असेल तर सास्ना असते आणि सास्ना असेल तर गाय असते, असे उभयतः सांगितले. लक्षणात चारही वाटा खुल्या होतात. चार पाय हे लक्षण केले तर अतिव्याप्ती, तांबूस रंग हे केले तर अव्याप्ती. मार्गातील टीकाकारांनी लक्षणांवर एवढे श्रम का वेचले याचा उलगडा येथे होतो. लक्षण आणि चिन्ह यांत जो भेद न करील तो प्रत्येक चिन्हास लक्षण मानील, आणि मग चौथ्या वाटेने व तिसऱ्या वाटेने वाटेल तेथे जाऊन पोहोचेल.

आता या विचाराचे प्रयोजन जेथे सर्वांत अधिक आहे तेथे येणे योग्य. एखाद्या वासनिक घरात लेकरू आजारी पडते. माउली नामस्मरण वाढविते, स्थानवंदनास जाते, उपाहार करविते, वैद्यांचे उपचारही चालू असतात. लेकरू वाचत नाही. मग समाचारास आलेल्या मंडळींत कोणीतरी हळूच बोलते की, स्मरणात कोठेतरी उणे पडले असावे. बोलणारा दुष्ट नसतो. त्याच्या मते तो शास्त्र सांगत असतो. त्याचे अनुमान असे उभे राहते. स्मरण यथायोग्य घडले तर दुःख टळते. दुःख टळले नाही. म्हणून स्मरण यथायोग्य घडले नाही.

या अनुमानाचा आकार तपासला तर तो निर्दोष आहे. उत्तरांगाचा निषेध करून पूर्वांगाचा निषेध काढला आहे, आणि ही दुसरी वाट खरीच आहे. म्हणूनच ते अनुमान इतके बोचते आणि ऐकणाऱ्या माउलीस त्यातून सुटता येत नाही. येथे आकार तपासून भागत नाही, पहिले वाक्य तपासावे लागते. स्मरण यथायोग्य घडले तर देहाचे दुःख टळते, असे वाक्य शास्त्रात आहे काय? नाम, लीळा, मूर्ती, चेष्टा यांचे स्मरण परमेश्वरप्राप्तीसाठी सांगितले आहे. देह प्रपंचातला आहे, आणि प्रपंच अनित्य आहे, असे चार पदार्थांचे निरूपण ऐकणारा पहिल्याच धड्यात शिकतो. देहाच्या आरोग्याचे आश्वासन स्मरणास जोडणारे वाक्य कोणी तरी मागाहून, बहुधा प्रेमाने आणि आशेने, आपल्या मनातून घातलेले आहे.

आणि ते वाक्य खोटे आहे हे त्याच दुसऱ्या वाटेने दाखविता येते. ते खरे मानले तर ज्यांस ज्यांस दुःख भोगावे लागले त्यांचे त्यांचे स्मरण अयथायोग्य ठरेल. सर्वज्ञांच्या उत्तरापंथे गमनानंतर नागदेवाचार्यांनी जे वियोगदुःख सोसले आणि पुढे रिद्धपूरला श्रीगोविंदप्रभूंच्या सेवेत राहून त्यांच्याही प्रयाणाचे जे दुःख सोसले, ते कोणास ठाऊक नाही? सन्निधानात राहिलेल्या भक्तजनांना आजार, वार्धक्य, आप्तांचे मरण ही चुकली नाहीत, हे लीळाचरित्र आणि स्मृतिस्थळ वाचणारास वेगळे सांगावे लागत नाही. तेव्हा समाचारास आलेल्या त्या गृहस्थाचे पहिले वाक्य खरे असेल तर भटोबासांचे स्मरण उणे होते असे म्हणावे लागेल. तसे मार्गातील कोणीही म्हणणार नाही, तो गृहस्थही म्हणणार नाही. म्हणून त्याचे पहिले वाक्यच सोडावे लागते. शास्त्रकार यास प्रसंग म्हणतात. प्रतिपक्षाचे वाक्य क्षणभर मान्य करावयाचे आणि त्यातून त्यालाच अमान्य असलेली गोष्ट काढून दाखवावयाची. त्या माउलीस हे अनुमान असेच्या असे सांगावे. तिला ते कळते. तिच्या घरी याच आठवणी वाचल्या जातात.

लेकरू बरे झाले असते तर काय झाले असते, हेही पाहिले पाहिजे, कारण तेथली चूक गोड असल्याने कोणी बोलून दाखवीत नाही. परमेश्वर कृपा करील तर दुःख निवारील. दुःख निवारले. म्हणून कृपा झाली. ही तिसरी वाट, उत्तरांगाचा स्वीकार. दुःख औषधाने निवारते, आजाराचा भर ओसरल्याने निवारते, कर्माचा भोग सरल्याने निवारते. शिवाय मार्गाच्या सिद्धान्ताप्रमाणे देवताही आपापल्या अधिकाराइतके फळ देतात, ते फळ अनित्य असते एवढेच. फळ दिसले की दाता परमेश्वरच, असे जो अनुमान करतो तो उद्या एखाद्या नवसाचे फळ दिसताच देवतेसही परमेश्वर म्हणू लागेल, कारण त्याच्यापाशी फळाहून वेगळी कसोटीच राहिलेली नसते. अन्यव्यावृत्तीचा सगळा खटाटोप ज्यासाठी आहे तेच या गोड चुकीने हातचे जाते. बरे झालेल्या लेकराच्या आईने आनंद मानू नये, असा याचा अर्थ नव्हे. तिने दंडवत घालावा. फक्त शेजारणीच्या घरी जे लेकरू वाचले नाही त्याच्या आईस आपले उदाहरण देऊ नये.

मोक्षाविषयीचे वाक्य याहून वेगळ्या बांधणीचे आहे. परमेश्वरावाचून मोक्ष नाही, हा सिद्धान्त 'तरच'च्या रूपाचा आहे. येथे 'चि' वचनातच आहे, वाचकाने घातलेला नाही. म्हणून येथे पूर्वांगाच्या निषेधावरून उत्तरांगाचा निषेध काढणे निर्दोष होय. परमेश्वराची कृपा नाही, तर मोक्ष नाही. या अनुमानावर कोणी पूर्वांगनिषेधाचा दोष लावू पाहील तर त्याने 'तर' आणि 'तरच' यांतील भेद ओळखला नाही असे समजावे. साधनाविषयी बोलताना मात्र पेरणीचे उदाहरण ध्यानात असू द्यावे. न पेरता पीक नाही, हे खरे. पेरले म्हणून पिकावर दावा सांगता येत नाही. देणारा वेगळा आहे.

माणसांची पारख करताना तिसरी वाट फार चोखाळली जाते. बोध झालेला पुरुष विरक्त होतो, असे विधान धरून चालले तर, अमुक मनुष्य विरक्त झाला म्हणून त्यास बोध झाला, असे निघत नाही. घरातील मृत्यूने, कर्जाने, भावकीच्या भांडणाने, कधी नुसत्या आळसानेही माणूस संसाराकडे पाठ फिरवितो. लोक त्यास स्मशानवैराग्य म्हणतात ते उगीच नव्हे. वेष आणि मौन पाहून एखाद्यास ज्ञानी ठरविणे आणि त्याच्या शब्दावर घरदार टाकणे, या प्रकारात फसविणाऱ्याइतकाच दोष फसलेल्याच्या तर्काचाही असतो. उलटपक्षी एखादा भिक्षुक आजारी आईबापांसाठी घरी परतला की, त्यास बोध मुळीच नव्हता असा निकाल दिला जातो. त्या निकालाचा आकार निर्दोष असू शकेल, पण त्यासाठी 'बोध झालेला कोणत्याही कारणाने कधी परतत नाही' असे वाक्य आधी शास्त्रातून दाखवावे लागेल. ते न दाखविता निकाल देणारांची संख्या मोठी आहे.

याच तिसऱ्या वाटेने जगाने मार्गाचे किती नुकसान केले हे सर्वांस ठाऊक आहे. ज्यांना काही निंद्य लपवावयाचे असते ते सांकेतिक लिपी वापरतात, महानुभावांनी सकळ, सुंदरी आदी लिपी वापरल्या, म्हणून त्यांच्या पोथ्यांत काही निंद्य असले पाहिजे, हे अनुमान शतकानुशतके चालले. सांकेतिक लिपीस निंद्य लपविण्याखेरीज कारणे असतात. परचक्राच्या काळात ग्रंथ राखणे हे एक कारण, अनधिकाऱ्याच्या हाती गूढार्थ पडू न देणे हे दुसरे, लेखनाचा संक्षेप हे तिसरे. बाजारातील दलालही आपसांत नंदभाषा बोलतात, तेवढ्याने ते चोर ठरत नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत राजवाडे, भावे आदी संशोधकांमुळे या लिपी बाहेरच्या अभ्यासकांस वाचता येऊ लागल्या, तेव्हा आत निघाले ते मराठीचे आद्य गद्य. 'करणी कसाबाची, बोलणी मानभावाची' ही म्हण तर त्याच चुकीची लोकांच्या तोंडी बसलेली मूर्ती होय. कपटी मनुष्य गोड बोलतो, हा गोड बोलतो, म्हणून हा कपटी. अहिंसेच्या व्रतामुळे ज्यांच्या वाणीस मार्दव आले त्यांचे ते मार्दवच त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरविले गेले. ज्यांनी या अनुमानाचा मार सोसला त्यांच्याच निरूपणात परमताविषयी बोलताना हाच आकार येतो तेव्हा अधिक खटकते.

येथे एक शंका उभी राहते. चिन्हावरून कारणाकडे जाणे सदोष असेल तर वैद्याने नाडी पाहू नये, आणि कोणी कोणाची पारखच करू नये, असे होईल. ही शंका नवी नाही. न्यायसूत्रांतच ती पूर्वपक्ष म्हणून आली आहे. नदी भरून आलेली पाहून वर पाऊस झाला असे अनुमान करतात, मुंग्या अंडी घेऊन निघालेल्या पाहून पाऊस येईल असे म्हणतात, मोराचा केकारव ऐकून मोर आहे असे म्हणतात. पूर्वपक्षी विचारतो की, नदी बांध घातल्यानेही भरते, वारूळ मोडल्यानेही मुंग्या निघतात, मोराची नक्कल माणूसही करतो, मग अनुमान प्रमाण कसे? पैठणच्या वाचकास हा पूर्वपक्ष डोळ्यांनी पाहता येतो. जायकवाडी धरणाचे उद्घाटन १९७६ साली झाले, तेव्हापासून पैठणच्या घाटाखालची गोदावरी आकाशाकडे पाहून नव्हे तर धरणाची दारे पाहून चढते-उतरते.

सिद्धान्ती उत्तर देतो की, नुसते 'पाणी वाढले' हे चिन्ह कोणी धरलेच नव्हते. भाष्यकार वात्स्यायन विशेष सांगतात. पाणी पूर्वीच्या पाण्याहून वेगळे दिसते, ओढ जोराची असते, फेस, फळे, पाने, लाकडे वाहात येतात. असे भरणे बांध घातल्याने होत नाही. म्हणजे चिन्हास जसजसे विशेष जोडावे तसतशी दुसरी कारणे गळत जातात आणि अखेर एकच उरते. ते उरले म्हणजे मूळ वाक्यच बदललेले असते. 'पाऊस झाला तर पाणी वाढते' या वाक्यावरून आता अनुमान चाललेले नसते, तर 'असे पाणी असेल तर पाऊस झालेला असतो' या नव्या वाक्यावरून, पहिल्या निर्दोष वाटेने, ते चाललेले असते. वैद्य तेच करतो. एका ज्वरावरून तो निदान करीत नाही. जीभ, डोळे, मळ, थंडी कोणत्या वेळी भरते, हे विचारतो, आणि आजकाल रक्तही तपासावयास सांगतो. इतर कारणे गळेपर्यंत त्याचे मत संभावना असते, आणि चांगला वैद्य तसे सांगतोही.

पोथ्यांच्या संशोधनातही हेच. मूळ पाठ असेल तर भाषा जुनी असेल, भाषा जुनी आहे, म्हणून पाठ मूळ आहे, असे लिहिणारे संपादक झाले आहेत. जुन्या वळणाने लिहिणारा उत्तरकालीन लेखक त्यांच्या गणतीत नसतो. लीळाचरित्राचे निरनिराळे पाठ आठवणीतून पुन्हा उभे राहिले हे ज्यास माहीत आहे त्याने तरी हा घाईचा मार्ग धरू नये.

राहिला प्रश्न तो, वचनात 'चि' आहे की नाही हे ठरवावयाचे कसे. सूत्रपाठातील वाक्ये केशिराजबासांनी लीळांतून वेगळी काढली आहेत. लीळेत ते वाक्य कोणास उद्देशून, कोणत्या प्रसंगी निघाले हे दिसते. सूत्रात ते दिसत नाही. पुष्कळदा वाक्यातील अट शब्दांत नसून प्रसंगात असते. ऐकणारा अमुक अवस्थेत आहे म्हणून त्यास अमुक सांगितले, तर ती अवस्था हेच न उच्चारलेले पूर्वांग होय. सूत्र एकटे वाचणारा ते पूर्वांग गाळतो आणि एका भक्तास सांगितलेली गोष्ट सर्वांस निरुपाधिक म्हणून लागू करतो. हा दोष सर्वज्ञांनंतर लवकरच कोणाच्या तरी ध्यानात आला असला पाहिजे, नाहीतर प्रत्येक सूत्राचा प्रसंग सांगणारा प्रकरणवश सिद्ध करण्याचे कारण पडले नसते. सूत्रपाठाबरोबर प्रकरणवश वाचण्याची रीत काही आश्रमांत मागे पडत चालली आहे. ती मागे पडू देणे म्हणजे पूर्वांगे पुसून उत्तरांगे तेवढी जपणे होय.

प्रकरण पाहूनही संशय राहिला तर पोथ्या ताडून पाहाव्यात. नकलकारांच्या हातून सर्वांत सहज सुटणारे आणि सर्वांत सहज घुसणारे अक्षर 'चि' हेच असते, कारण ते असल्याने वा नसल्याने वाक्य मोडत नाही आणि वाचताना अडत नाही. दोन पोथ्यांपैकी एकीत 'तरि' आणि दुसरीत 'तरिचि' असेल तर त्या वाक्याच्या पूर्वांगनिषेधावरून, म्हणजे 'हे नाही म्हणून ते नाही' अशा रीतीने, कोणताही निर्णय काढू नये. तिसरी पोथी मिळेपर्यंत ते वाक्य दोन्ही पाठांनी पढवावे, आणि विद्यार्थ्यास कोणत्या पाठाने कोणती वाट उघडते व कोणती मिटते हे पाटीवर मांडून दाखवावयास सांगावे.